नकाशावरची रेघ किती जाड?

भूगोलाच्या तासाला आपण मुलांना १:५०,००० प्रमाणाची टोपोशीट वाचायला शिकवतो, तेव्हा एक गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. नकाशावरची रेघ जमिनीवर रेघ नसते. रस्ता डोळ्यांना दिसावा म्हणून तो प्रमाणापेक्षा जाड काढलेला असतो. वर्गात त्याने कुणाचे काही बिघडत नाही. नकाशा हेलिकॉप्टरच्या वैमानिकाच्या मांडीवर असेल तर मात्र बिघडू शकते. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाचा बाल्टिमोर-वॉशिंग्टन हेलिकॉप्टर मार्ग नकाशा या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

तेथील व्यावसायिक वैमानिकापुढे तीन प्रकारचे नकाशे असतात : १:५,००,००० चा सेक्शनल, १:२,५०,००० चा मोठ्या विमानतळाच्या परिसराचा आणि १:१,२५,००० चा खास हेलिकॉप्टरचा. ताशी १२० नॉट, म्हणजे मिनिटाला सुमारे ३.७ किलोमीटर वेगाने जाणारे हेलिकॉप्टर सेक्शनलवर मिनिटाला साडेसात मिलिमीटरही सरकत नाही. हेलिकॉप्टर नकाशावर तेच सुमारे तीन सेंटिमीटर सरकते. शहरावरून, पूल आणि मनोरे ओळखत खालून उडायचे असेल तर निवड उघड आहे. सेक्शनल टाकाऊ आहे असे नव्हे. त्याच्या प्रत्येक चौकोनात सर्वांत उंच अडथळ्याचा ठळक आकडा असतो. उंच भाग डोंगराचा असेल तर न नोंदलेल्या झाडा-खांबांसाठी त्यात २०० फूट आधीच मिळवलेले असतात. आपल्याला सगळे ठाऊक नाही, ही कबुली नकाशातच घालण्याची ही रीत मला फार आवडते.

हेलिकॉप्टर नकाशात नेमकी हीच कबुली नाही. पोटोमॅक नदीच्या पूर्व काठाने जाणारा ‘मार्ग ४’ त्यावर एका रेघेने दाखवला होता, आणि विमानतळाजवळच्या टप्प्यात कमाल उंची २०० फूट. मार्गाच्या डाव्या-उजव्या कडा दिलेल्याच नव्हत्या. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री धावपट्टी ३३ कडे उतरणारे प्रवासी विमान आणि लष्कराचे ब्लॅक हॉक यांची नदीवर टक्कर झाली. ६७ माणसे गेली. तपास मंडळाने मार्चमध्ये सांगितले की, हेलिकॉप्टर काठावर बरोबर २०० फुटांवर असले तरी नेहमीच्या उतारावरून येणाऱ्या विमानापासून त्याचे अंतर ७५ फूटच उरते, आणि काठ सोडून आत गेले तर त्याहून कमी.

किती कमी? हे दहावीच्या त्रिकोणमितीत बसते. रेघ एक मिलिमीटर जाड धरली तर ती जमिनीवर १२५ मीटर होते. विमान साधारणपणे तीन अंशांच्या उताराने उतरते. म्हणजे १२५ मीटर पुढे जाताना ते सुमारे साडेसहा मीटर, २१ फूट, खाली येते. हेलिकॉप्टर धावपट्टीच्या दिशेने नकाशावर साडेतीन मिलिमीटर सरकले की ७५ फूट संपले! मुलांना पट्टी घेऊन हे मोजायला लावावे.

यावर कोणी म्हणेल, हेलिकॉप्टर तर टकरीच्या वेळी २७८ फुटांवर होते, मग नकाशाला का बोल लावता? म्हणणे अगदीच गैर नाही. पण उंची मोजणारे यंत्र हवेच्या दाबावर चालते, आणि उड्डाणापूर्वी ते विमानतळाच्या ज्ञात उंचीशी ताडून पाहताना ७५ फुटांपर्यंतचा फरक चालवून घेतात. जेवढी फट, तेवढीच यंत्राला दिलेली सूट. शिवाय विमान कोणत्या उंचीने उतरते ते या नकाशावरून समजत नाही. विमान उतरवण्याचा तपशील वेगळ्या पुस्तिकांत. दोन्ही प्रकाशने आपापल्या जागी बरोबर असूनही ती एकमेकांवर ठेवून पाहण्याचे काम वैमानिकावरच सोडलेले.

नदीकाठचा एक उभा छेद, टोपोशीटवरून आपण टेकडीचा काढतो तसा, नकाशाच्या कोपऱ्यात छापला असता तर ही फट कुणालाही दिसली असती. मार्च २०२५ मध्ये हेन्स पॉइंट ते विल्सन पूल हा मार्ग ४ चा तुकडा नेहमीच्या वाहतुकीला बंद करण्यात आला.