उलटा 'एन' आणि पुसलेल्या कडा

मार्टिनी-हेन्री रायफल हातात आली की तिची उजवी बाजू आधी उजेडाकडे करावी. पोलादी पेटीवर मुकुट, त्याखाली राणी व्हिक्टोरियाची 'व्ही. आर.' ही अक्षरं, मग एनफील्ड कारखान्याचं नाव, साल आणि मार्क सांगणारा रोमन आकडा. १८७१ साली ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या या एकबारी रायफलीची सगळी कुळकथा एवढ्या चार ओळींत असते. आणि लबाडीही बहुतेक वेळा तिथेच सापडते.

दर्रा आदमखेल आणि खैबरच्या आसपासच्या कारागिरांनी या रायफलीच्या नकला पिढ्यानपिढ्या केल्या. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी त्या बाजारात हौसेनं विकत घेतल्या. नकलेतला एनफील्डचा 'एन' पाहावा: कित्येकदा तो उलटा असतो. रोमन लिपी न वाचता येणाऱ्या हातानं अक्षर हे अक्षर म्हणून कोरलेलंच नाही, नक्षी म्हणून उतरवलं आहे. कारखान्यात ठसा एका दणक्यात उमटतो, त्याची खोली सारखी असते. इथे छिन्नी दोनदा फिरलेली दिसते, रेघ कुठे जाड, कुठे बारीक. साल तर बिनधास्त चुकतं. राणी जानेवारी १९०१ मध्ये वारली, तरी तिची आद्याक्षरं आणि विसाव्या शतकातलं साल एकाच पेटीवर सुखानं नांदतात! पोथीची नक्कल करताना कारकुनानं न कळलेला शब्दही इमानानं उतरवावा, तसं हे. मला मात्र या नकला निव्वळ बनावट म्हणून फेकून द्याव्यात असं वाटत नाही. तरफ खाली ओढताच ठोकळा पुढच्या बाजूनं खाली झुकतो आणि रिकामं काडतूस मागे फेकलं जातं. ही सारी करामत कानशीनं घासून जुळवायची म्हणजे खेळ नव्हे. अशी रायफल भिंतीवर शोभते. तिच्यातून बार काढायचा मोह मात्र आवरावा, पोलाद कुठलं आणि कसं, हे घडवणाऱ्यालाच ठाऊक.

अस्सल रायफलीचं नुकसान बहुधा प्रेमापोटी होतं. पॉलिश पेपरनं घासलेला दस्ता क्षणभर देखणा दिसतो, पण लाकडावरचा कारखान्याचा गोल शिक्का पुसट होतो, कडा गोलावतात, आणि एके काळी धातूच्या किंचित वर असलेलं लाकूड त्याच्या खाली जातं. पेटी झळाळती आणि ठशाच्या कडा बोथट, असं दिसलं की बफिंगचं चाक फिरून गेलंय हे समजावं. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर आत कुणीतरी अनाडीपणानं डोकावलं आहे. त्यापेक्षा तपकिरी पडलेलं पोलाद आणि हातांच्या तेलानं काळवंडलेलं अक्रोडाचं लाकूड मला कितीतरी जास्त आवडतं. तिथे कुणी काही लपवलेलं नसतं.

शेवटी नळी. काळ्या दारूची राख हवेतली ओल धरते, म्हणून आतले खड्डे अटळ. रायफलीच्या नावातला 'हेन्री' म्हणजे नळीचा रचनाकार अलेक्झांडर हेन्री; त्याच्या सात आट्या त्यातूनही ठळक दिसल्या, तर मी खड्ड्यांबद्दल फारसं कुरकुरणार नाही.

विक्रेत्याची गोष्ट तेवढी सर्वांत शेवटी ऐकावी. अफगाणिस्तानातून आलेल्या मार्टिनीला मैवंदचं नाव चटकन चिकटतं. २७ जुलै १८८० च्या त्या लढाईत ब्रिटिशांची ६६वी पायदळ पलटण मार्टिनी-हेन्री घेऊन उभी होती. तिच्यासोबत लढलेल्या बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या मुंबई सैन्याच्या पलटणींकडे जुन्या स्नायडर होत्या. १८५७ नंतर हिंदी शिपायाच्या हाती एक पिढी मागचं हत्यार द्यायचं, असं इंग्रजांचं धोरणच होतं. तेव्हा 'मैवंदला मुंबईच्या शिपायाच्या हातातली मार्टिनी' असं कुणी सांगू लागलं, की पेटीवरचं साल वाचण्याचीही तसदी घेऊ नये.