‘ययाति’: एक ‘समजा’ आणि त्यापुढचे

अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने रुक्मिणीला नेले, ही कथा वऱ्हाडातील मुलाला शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते. वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, दमयंतीही विदर्भाचीच. ह्या कथांचे जग सर्वांचे सामाईक आहे. कोणत्याही लेखकाने त्यात यावे आणि आपली भर घालावी. वि. स. खांडेकरांनी ‘ययाति’ (१९५९) ह्या कादंबरीत तेच केले. तिला १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खांडेकरांना १९७४ चे ज्ञानपीठही लाभले.

शुक्राचार्यांच्या शापाने ययाती अकाली म्हातारा होतो. उःशाप असा की, ते म्हातारपण दुसऱ्याला देता येईल. पुरू ते स्वीकारतो. ह्यावरून ‘आपल्या पूर्वजांना हे शास्त्र अवगत होते’ असे कोणी वर्गात म्हणाले, तर शिक्षकाने काय सांगावे?

वार्धक्य ही उचलून दुसऱ्याच्या देहात ठेवण्याजोगी वस्तू नाही. पेशींतील डीएनएची हानी, बिघडलेली प्रथिने, मंदावलेली दुरुस्ती अशा अनेक बदलांची ती बेरीज आहे. २००५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी तरुण व वृद्ध उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडले. वृद्ध उंदरांच्या स्नायूंची दुरुस्ती सुधारली. म्हणून ते तरुण झाले, असे नव्हे.

मग कादंबरी खोटी ठरते काय? मुळीच नाही. भूमितीत आपण ‘समजा’ म्हणतो आणि पुढची प्रत्येक पायरी तर्काने चढतो. खांडेकरांचे ‘समजा’ एकच: म्हातारपण देता येते. पण वासना? ती देता येत नाही. तारुण्य परत मिळूनही ययाती अतृप्तच राहतो, हा निष्कर्ष त्या गृहीतकातून अटळपणे निघतो. कादंबरीचे खरे बळ इथे आहे.

उणीवही सांगितली पाहिजे. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीने कथा सांगतात. एकाच घटनेचे तीन निरीक्षक, ही कल्पना उत्तम. परंतु तिघांच्याही तोंडी त्याच उपमा, तीच सुभाषितवजा वाक्ये येतात. निरीक्षक तीन, उपकरण मात्र एकच! मूळ कथेतून लवकर निघून जाणारा कच इथे शेवटपर्यंत वावरतो, पण माणसापेक्षा संयमाचा धडा म्हणूनच अधिक.

तरीही नववी-दहावीच्या मुलांना ह्या कथेचा सारांश जरूर सांगावा. फळ्यावर दोन रकाने आखावेत: ‘गृहीत धरले ते’ आणि ‘त्यातून निघाले ते’. पुराव्याची मागणी कुठे करायची आणि कल्पनेला मोकळीक कुठे द्यायची, हा फरक ह्या दोन रकान्यांतून मुलांना सहज उमगेल.