दीपकाडीच्या चिठ्ठ्या

पोथीची पुष्पिका खरी धरण्यापूर्वीं ती कोणाच्या हातची, केव्हांची व कोठची, हें आपण विचारतों. संग्रहांतील वाळविलेल्या वनस्पतीच्या कागदावरील चिठ्ठी ही तिची पुष्पिकाच होय. तिची मात्र तशी छाननी आपल्यांत सहसा होत नाहीं.

कोंकणच्या कातळावर पावसाळ्यांत पांढरीं फुलें धरणारी, कंदापासून उगवणारी दीपकाडी घ्या. डॅल्झेलनें १८५० मध्यें तिचें वर्णन छापून तिला कोंकणाचें नांव दिलें. पुढें बेकरनें ती ‘डिपकाडी’ या प्रजातींत घातली. दीप आणि काडी असा समास सोडविण्याचा मोह मलाही झाला. संस्कृत शिकविणाऱ्याचा हा जुना रोग. परंतु मेडिकस या जर्मन पंडितानें १७९० मध्यें प्रजातीस तें नांव दिलें तेव्हां त्याच्यापुढें मराठी शब्द खचित नव्हता. मराठी रूपच शास्त्रीय नांवावरून घडलेलें दिसतें. त्याच्या बळावर कोणीं लोकपरंपरेचें प्राचीनत्व सांगूं नये.

स्थलाचा घोटाळा याहून गंभीर. हूकर व थॉमसन यांनीं वांटलेल्या नमुन्यांच्या छापील चिठ्ठीवर मलबार, कोंकण इत्यादि प्रदेश आणि स्टॉक्स, लॉ इत्यादि संग्राहक एकत्र येतात. कोणी काय कोठें खुडलें, हें त्या दोन ‘इत्यादीं’नीं गिळून टाकलें. डॅल्झेलच्या पिढीची ही रीत ध्यानांत ठेवूनच ‘कोंकण’ हा शब्द वाचला पाहिजे.

हा वाद निव्वळ कागदी नव्हे. जामसंडें व देवगडच्या सड्यांवर कातळ फोडून, बाहेरची माती भरून हापूसचीं कलमें लाविलीं गेलीं. आंबा उत्तम, त्याविषयीं तक्रार नाहीं. पण फोडलेल्या अमुक सड्यावर पूर्वीं दीपकाडी होती काय, असें विचारल्यास ‘कोंकण’ एवढ्या साक्षीवरून ‘होती’ म्हणतां येत नाहीं, आणि ‘नव्हती’ म्हणणेंही तितकेंच निराधार.

तारखेचीही परीक्षा करावी. फुलें पूर्ण उमललेलीं आणि तारीख माघांतील, असा कागद दिसल्यास ती तारीख खुडण्याची नसून नमुना दप्तरीं दाखल झाल्याची असण्याचा संभव अधिक. गांवाचें नांव निराळ्या शाईनें, निराळ्या हातानें मागाहून भरलेलें असल्यास तें मूळ पाठांत न घेतां कंसांत छापावें. आमच्या जामसंड्याचें नांव कोणी प्रेमानें असें घातलेलें आढळलें, तरी माझें मत हेंच राहील.