एकविसाव्या वचनापासून

डिसेंबरात माझं लग्न आहे, नगरला, आमच्याच चर्चमध्ये. उपासनेत कोणता शास्त्रपाठ वाचायचा हे पाळकसाहेबांनी विचारलं, आणि मी तोंड उघडण्याआधीच पप्पा म्हणाले, "इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय. दुसरं काय असणार?" खरंच, दुसरं काही नसतं. लहानपणापासून जितकी लग्नं पाहिली, त्यांतल्या बहुतेकांत हाच उतारा ऐकला: पत्नीनं पतीच्या अधीन असावं, पती पत्नीचं मस्तक आहे. मग वडीलधाऱ्या बायका नवरीकडे बघून मान हलवतात.

त्या रात्री मी बायबलऐवजी 'स्मृतिचित्रे' काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र 1934 पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. शाळेत त्यातला धडा असतो, सगळे हसतात, आणि पुस्तक तिथंच राहतं. विनोदी आजीच्या आठवणी अशी त्याची ख्याती करून आपण त्याचं नुकसान केलंय. माझ्या मते ख्रिस्ती लग्नावर मराठीत यापेक्षा धारदार पुस्तक नाही, आणि त्याचा बराच भाग तर बाई ख्रिस्ती होण्याआधीचा आहे.

घटना माहीत असतील. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न विचारता. ती मुलाला घेऊन पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिली आणि पुढची काही वर्षं दोघं वेगळी. त्या काळी 1866 चा एक कायदा होता: धर्मांतरामुळे जोडीदार नांदायला येत नसेल, तर ख्रिस्ती झालेल्याला कोर्टातून लग्न मोडून घेता येई. टिळकांनी ती वाट धरली नाही. पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायात, नेमकी हीच अडचण आहे: बायको विश्वास ठेवणारी नसली तरी ती नांदायला तयार असेल तर तिला सोडू नये. लग्नात हा अध्याय कुणी वाचत नाही. वाचला तर 'मस्तक' या शब्दाची पंचाईत होते. कारण इथं मस्तक एका दिशेला गेलंय आणि शरीर पंढरपूरला बसलंय.

पुढे बाई नगरला आल्या, पण त्यांचं पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. सोवळ्यापायी घरात आलेलं धान्यसुद्धा धुऊन घेणाऱ्या बापाची ती लेक. जातिभेद खोटा आहे या निर्णयाला त्या आल्या त्या प्रवासात, स्वतःशीच विचार करत. नवऱ्यानं पटवलं म्हणून नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1900 चा. पुस्तकातला हा भाग मी तीनदा वाचला. अधीन होणं म्हणजे काय याची एवढी चांगली फजिती कुठल्या प्रवचनात ऐकली नाही. बाई नवऱ्याच्या धर्मात आल्या, पण नवऱ्याच्या मागून नाही आल्या.

पुस्तकाबद्दल माझी एक तक्रारही आहे. पौल बायकांना तीन वचनांत आटपतो. नवऱ्यांना त्याच्या दुपटीहून जास्त सांगतो, आणि ते अवघड आहे: ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तसं बायकोसाठी द्या. टिळक स्वतःला देत होतेच. कवितेला, मिशनला, दारी आलेल्या प्रत्येकाला. हातात पैसा टिकत नसे, न सांगता निघून जात, रागही भडक. त्या औदार्याचं बिल मात्र चुलीपाशी यायचं. घरात अनाथ मुलं आली तेव्हा त्यांना शिजवून कोण घालत होतं? लक्ष्मीबाई हे सगळं लपवत नाहीत, पण प्रत्येक वेळी गोष्टीला विनोदाचं वळण देतात आणि वाचक सुटतो. मला काही ठिकाणी सुटायचं नव्हतं.

तरी तो विनोद म्हणजे माफी नव्हे. पुस्तकभर त्या नवऱ्याला 'टिळक' म्हणतात. ना 'हे', ना 'स्वारी'. एवढ्या एका शब्दानं माणूस देव्हाऱ्यातून खाली येतो आणि समोरच्या पाटावर बसतो. याच टिळकांनी त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, हेही त्या तितक्याच मोकळेपणानं सांगतात. आणि टिळकांनी अर्धवट सोडलेलं 'ख्रिस्तायन' पुढं नेताना त्यातला बहुतेक भाग लिहिला तो त्यांनी. कोण कुणाचं मस्तक, सांगा.

अमेरिकेत 1980 च्या दशकापासून या उताऱ्यावर दोन तट आहेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'अधिकारी' की 'उगम' यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेलेत. त्यात मी फार शिरले नाही. एक गोष्ट मात्र कामाची मिळाली. काही अतिशय जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचं क्रियापदच नाही. ते एकविसाव्यातून उसनं घ्यावं लागतं, आणि एकविसावं वचन सगळ्यांनाच सांगतं की एकमेकांच्या अधीन असा. आमच्या लग्नांत वाचन सुरू होतं ते बाविसाव्यापासून.

पप्पांना हे सांगितलं. ते म्हणाले, "एका वचनानं काय फरक पडतो?" आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग वाचा की."

पाळकसाहेबांना मेसेज केलाय: एकविसाव्यापासून वाचा. होणाऱ्या नवऱ्याला 'स्मृतिचित्रे' दिलंय. तो अजून पंढरपूरपर्यंत पोचलेला नाही.