एपुपावरचा माझाच लेख

तीन वर्षांपूर्वी एपुपा धबधब्यावर लिहिलेला माझा लेख आता एका संग्रहात येतोय, म्हणून परवा पुन्हा वाचला. दुसऱ्याच परिच्छेदात ‘शब्द अपुरे पडतात’ असं म्हटलंय आणि त्यापुढे आठशे शब्द आहेत.

कुनेने नदी अंगोलाच्या पठारावर उगम पावते आणि अटलांटिककडे वळल्यावर अंगोला-नामिबियाची सीमा होते. एपुपा तिथे आहे. ओपुवो गावापासून जवळपास १८० किलोमीटर खडीचा रस्ता. लेखाची निम्मी जागा हा रस्ताच खातो. धूळ, पंक्चर, माझी कंबर. (प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला आपल्या कंबरेचं फार कौतुक असतं.)

पाणी त्यामानाने बरं उतरलंय. नदी तिथे एका झेपेत कोसळत नाही. ती पसरते, फाटते, खडकांच्या कितीतरी फटींमधून वेगवेगळी खाली जाते. सर्वांत मोठी उडी ३७ मीटरच्या आसपास. त्या खडकांच्या कडांना गोरखचिंचा चिकटून उभ्या आहेत. हेरेरो भाषेत एपुपा म्हणजे फेस. एवढं मी नीट पाहिलं होतं.

खटकतं ते पुढचं. हिंबा बायका लेखात तीनदा येतात आणि तिन्ही वेळा फक्त रंग म्हणून. लोणी आणि गेरू कालवून केलेला ओत्जिझे हा लेप, त्यावर पडलेलं संध्याकाळचं ऊन. एकीच्याही तोंडी एक वाक्य नाही. काठावरच्या ताडांना माझ्या लेखात त्यांच्यापेक्षा जास्त विशेषणं मिळालीत.

आणि तो धबधबा आज जागेवर आहे यात त्यांच्याच समाजाचा मोठा हात आहे. १९९०च्या दशकात नामिबिया सरकारला तिथे विजेसाठी धरण बांधायचं होतं. धबधबा बुडाला असता, गुरांची चराऊ रानं बुडाली असती आणि नदीकाठची हिंबांची थडगी बुडाली असती. हिकुमिनुए कापिका या त्यांच्या प्रमुखाने उघड विरोध केला. जमिनीवर हक्क कोणाचा, हे त्यांच्यात तिथे कोणाचे पूर्वज पुरले आहेत त्यावरून सांगितलं जातं. म्हणजे थडगं हाच सातबारा. नुसत्या विरोधानेच धरण अडलं असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, अंगोलालाही खालच्या अंगाची बेन्सची जागा जास्त पसंत होती. पण यातलं काहीच लेखात नाही. १९२१चा मुळशी सत्याग्रह मी शाळेत शिकले होते, ‘धरणग्रस्त’ हा शब्द माझ्या भाषेत तयार होता. तरीही.

लेखात थडग्यांवर एकच ओळ आहे: वाटेत गुरांची शिंगं ठेवलेली जुनी थडगी लागली, फोटो छान आले.

रस्ता कापा, असं संपादकांना कळवलंय. या ओळीचं काय करायचं, ते अजून कळवलेलं नाही.