दुरुस्तीची गुणपत्रिका

गणितात नापास झालेल्या मुलाला एकूण गुणांवर वरच्या वर्गात घातले, तर पुढे काय होते हे शिक्षकांना सांगायला नको. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून स्मार्टफोनवर जो दुरुस्ती-निर्देशांक दाखविणे सक्तीचे केले, त्यात नेमकी हीच चूक होती.

कल्पना उत्तम होती. दुरुस्तीची माहिती, फोन उकलण्यातील सुलभता, सुट्या भागांची उपलब्धता, त्यांची किंमत आणि सॉफ्टवेअरविषयक मदत असे पाच विषय, प्रत्येकी २० गुण. बेरीज दहापैकी मांडायची. पण बॅटरी गोंदाने घट्ट चिकटवलेली असली, तरी इतर विषयांतील गुण ती उणीव झाकू शकत. शिवाय उत्तरपत्रिका कंपनीनेच तपासायची!

काही फोनांचे सॉफ्टवेअर सुट्या भागाचा क्रमांक ओळखते. तशाच दुसऱ्या फोनातील अस्सल पडदा बसवला, तरी एखादी सोय बंद पडते. याविषयी निर्देशांकात प्रश्नच नव्हता.

२० जून २०२५ पासून तेथे युरोपीय संघाची ए ते ई श्रेणी आली. तीत उकलण्याला अधिक भार आहे, हे योग्यच. परंतु सुट्या भागांची किंमत गुणांतून वगळली गेली. पडद्याला नव्या फोनाच्या निम्मी किंमत पडत असेल, तर तो कोण बदलील?

आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२४ मध्ये अशा निर्देशांकासाठी समिती नेमली. बेरीज जरूर करावी. पण बॅटरी, पडदा आणि किंमत या विषयांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण होण्याची अट हवी.