आगगाडीच्या खिडकीतील खानदेश

प्रवासविषयक साहित्याचा विचार करताना प्रवाशाचे मन केंद्रस्थानी मानण्याची रूढी मराठी समीक्षेत दृढ झालेली आहे. लेखकाची निरीक्षणशक्ती, त्याचा विनोद, त्याची सौंदर्यदृष्टी यांची चिकित्सा होते. परंतु तो ज्या मार्गाने गेला तो मार्ग कोणी व कशासाठी खुला केला, आणि त्या मार्गाने जाण्याची मुभा त्याला कोणाकडून मिळाली, हे प्रश्न साहित्यबाह्य ठरवून बाजूला सारले जातात. ही विभागणी कितपत टिकते, हे पाहण्यास खानदेशाचे उदाहरण उपयुक्त आहे. या प्रदेशाला देशांतरीच्या प्रवासाशी जोडणाऱ्या दोन कादंबऱ्या सुमारे एकशेसदतीस वर्षांच्या अंतराने प्रसिद्ध झाल्या. एक, ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ऐंशी दिवसांतील पृथ्वीप्रदक्षिणेची कथा (१८७३); दुसरी, भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०).

व्हर्नच्या कथेची कल्पना १८७२ पूर्वी फारशी संभवनीय नव्हती. १८६९ मध्ये सुएझचा कालवा जहाजांस खुला झाला. त्याच वर्षी अमेरिकेतील दोन्ही किनारे लोहमार्गाने जोडले गेले. आणि १८७० मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग जबलपूर येथे कलकत्त्याकडून आलेल्या मार्गास मिळाला. या तीन घटनांच्या जुळणीतून फिलिअस फॉगचे वेळापत्रक तयार झाले, आणि त्या वेळापत्रकात खानदेश आला. तो आला तो केवळ वाटेवर पडला म्हणून.

त्याचे वर्णन काही वाक्यांत आटोपते. रात्री नाशिक मागे पडते; दुसऱ्या दिवशी सपाट, लागवडीखालील मुलूख दिसतो; गावांवर देवळांची शिखरे उठलेली दिसतात. येथील नद्या मात्र व्हर्न गोदावरीस नेऊन मिळवतो. गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर या सर्व तापीच्या उपनद्या होत, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. पुढे इंग्रज चालकाच्या हातातील आणि इंग्रजी कोळशावर चालणारी आगगाडी कापसाबरोबरच कॉफी, जायफळ, लवंग व मिरी यांच्या मळ्यांवर धूर सोडीत जाते. मालेगावच्या पुढे कालीभक्त ठगांचा रक्तलांछित प्रदेश येतो, वेरूळ व औरंगाबाद यांचे ओझरते स्मरण होते, आणि दुपारी साडेबारा वाजता गाडी बुऱ्हाणपुरास थांबते.

व्हर्नने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, एवढे सांगून या चुकांचा निकाल लावता येईल. परंतु चुका कोणत्या जातीच्या आहेत हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. मलबारची मिरी आणि खानदेशचा कापूस त्याने एका मळ्यात लावले, कारण युरोपच्या बाजारपेठेत ती एकाच यादीतील जिनसा होत्या. त्या यादीतील कापूस मात्र खरा आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापसाचा पुरवठा तुटला, हिंदी कापसास अपूर्व भाव आला, आणि त्याच काळात आलेल्या लोहमार्गामुळे जळगावास कापसाची पेठ म्हणून महत्त्व प्राप्त झाले. दूरच्या युद्धाने येथील माल समुद्रापार नेला. माल पिकविणारा माणूस शेतातच राहिला. कादंबरीतही हेच घडते: गाडी खानदेशातून जाते, पण खानदेशी माणूस एक शब्दही बोलत नाही.

लोहमार्गाने एक मुलूख दाखविला, तसा दुसरा झाकलाही. त्या वेळी अखंड असलेल्या खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे धुळे होते, आणि मुंबई-आग्रा हा जुना हमरस्ता धुळ्यावरूनच जात असे. लोहमार्ग मात्र चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ असा गेला. चाळीसगावहून धुळ्यास फाटा येण्यास १९०० साल उजाडावे लागले. जगाच्या प्रवाशाच्या दृष्टीने धुळे त्या तीन-चार दशकांत आडबाजूस पडले. व्हर्नला जिल्ह्याचे ठाणे दिसले नाही, यात त्याच्या कल्पनाशक्तीचा दोष थोडा. रुळांची दिशाच तशी होती.

कादंबरीतील सर्वांत अर्थपूर्ण स्थळ मात्र सुएझचे आहे. फॉग ब्रिटिश वकिलाकडे जाऊन आपल्या पारपत्रावर शिक्का मागतो. शिक्क्याची आवश्यकता नाही, पारपत्रही लागत नाही, असे वकील सांगतो; फॉगला तो हवा असतो केवळ पैजेसाठी, आपण येथून गेलो याचा पुरावा म्हणून. त्याच्या जवळील वीस हजार पौंडांच्या नोटाही वाटेत कोठे अडत नाहीत. ज्याचे राज्य व ज्याचे चलन समुद्रावर चालते, त्याला प्रवास ही केवळ काळाशी लावलेली पैज वाटते.

पहिल्या महायुद्धानंतर ही स्थिती पालटली आणि पारपत्र ही सर्वत्र अट झाली. दुसऱ्या महायुद्धापासून हिंदुस्थानात परकीय चलनावर नियंत्रण आले. १९४७ च्या फाळणीनंतर तर कालचा प्रांत परदेश ठरला. १९४८ मध्ये परवाना, आणि ऑक्टोबर १९५२ पासून पारपत्र व व्हिसा यांवाचून भारत-पाकिस्तान प्रवास अशक्य झाला. महानुभाव पंथाचे साधू ज्या पंजाबात व पेशावरपर्यंत पूर्वी मठ करून राहिले, ती वाट अशा रीतीने कागदांच्या स्वाधीन झाली.

नेमाडे यांच्या कादंबरीचा आरंभ याच वाटेच्या पलीकडच्या टोकाशी होतो. खंडेराव हा पुरातत्त्वाचा तरुण अभ्यासक पाकिस्तानातील मोहेंजोदडो येथे उत्खननाच्या कामावर असता पित्याच्या अंतकाळाची वार्ता त्यास कळते, आणि तो खानदेशातील मोरगावी परतू लागतो. येथेही काळाशी स्पर्धा आहे; परंतु ती पैजेची नसून मरणाची आहे. येथेही सीमा ओलांडावयाची आहे. परंतु ती ओलांडण्याची मुभा प्रवाशाच्या हाती नाही. व्हर्नला जो मुलूख अर्ध्या दिवसात मागे टाकावयाचा होता, तोच येथे गंतव्य आहे. फॉग खिडकीबाहेर फारसे पाहत नाही. खंडेरावाच्या मनात मात्र प्रवासाबरोबर घर, भावकी, शेती, जाती व गावाचा दीर्घ भूतकाळ उलगडत जातो.

एक साहसकथा आणि एक महाकादंबरी यांची तुलना विषम आहे, असा आक्षेप येईल. गुणवत्तेचा निवाडा करावयाचा असता तर तो मान्य करावा लागला असता. शिवाय नेमाडे हे जळगाव जिल्ह्यातील सांगवीचे. त्यांना हा प्रदेश आतून ठाऊक असणे स्वाभाविक आहे. परंतु केवळ जन्मस्थानाने दोन्ही कृतींतील भेद उलगडत नाही. खानदेशी माणूस जगाच्या प्रवासाचा कर्ता म्हणून कादंबरीत येण्यासाठी विद्यापीठीय शिक्षण, संशोधनाचा देशांतरीचा व्यवहार आणि स्वतंत्र राष्ट्राचे पारपत्र या गोष्टी आधी घडाव्या लागल्या. ज्या स्वातंत्र्याने त्यास पारपत्र दिले, त्याच स्वातंत्र्यासोबत आलेल्या फाळणीने त्याच्या वाटेवर सीमा उभी केली. हा पेच लेखकाच्या स्वभावातून निघत नाही, इतिहासातून निघतो. आणि कादंबरीच्या रचनेत तो घराकडे निघालेल्या प्रवासाच्या रूपाने उतरतो.

म्हणून प्रवाससाहित्याच्या अभ्यासकाने लेखकाच्या दृष्टीबरोबर त्याची वाट, त्याचे तिकीट आणि त्याचा परवानाही तपासला पाहिजे. खानदेशापुरते बोलावयाचे तर, या प्रदेशाची प्रतिमा दीर्घकाळ येथून जाणाऱ्यांनी निर्माण केली. येथून गेलेल्यांची आणि येथे परतलेल्यांची पत्रे, रोजनिशा व आठवणी जळगाव-धुळ्याच्या घराघरांतून अद्याप गोळा व्हावयाच्या आहेत. त्या गोळा होईपर्यंत या विषयाची निम्मी बाजू खिडकीबाहेरच राहील.